घायपाताला पाणी कोणी घालावे याविषयी

मी, वय वर्षे एकाहत्तर, हॉस्पिटलच्या धुलाई विभागातून निवृत्त, एका वेल्डरची विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल ते काही बोललेले नाहीत. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही आणि पुन्हा लिहायचा उत्साह नाही.

१. तळमजल्याच्या तीन खोल्या मुलगा व मुलगी यांना समसमान. बँकेतली शिल्लकही तशीच. भांडू नये. दोघांना ओळखते, म्हणून लिहिले.

२. पुढचे अंगण या वाटणीत धरू नये. मुलाला तिथे फरशी घालून गाडी उभी करायची आहे. त्याने ती रस्त्यावरच लावावी. त्या अंगणात पूर्वी काही म्हणता काही उगवत नव्हते. मग नवऱ्याने कारखान्याच्या फाटकातून घायपाताचे एक पिल्लू डब्याच्या पिशवीतून आणले. म्हणाले, "हे काही मागत नाही, आणि रुबाब बघ." आज तिथे आहे ते त्याच्या वंशातले. सहा फूट रुंद, निळसर राखाडी, पानापानावर शेजारच्या पानाच्या काट्यांचा ठसा उमटलेला. कडेने कोरफडीची रांग, कोपऱ्यात माणसाहून उंच निवडुंग. बारा महिने त्यांना माझ्याकडून जवळजवळ नुसते कौतुकच मिळते आणि तेवढ्यावर ती वाढतात. नवऱ्याखेरीज असा जीव मी दुसरा पाहिला नाही.

३. शेजारचे मास्तर म्हणायचे, "फूल नाही, फळ नाही, हे कसलं झाड?" त्यांच्या घरी पाहुणे आले की फोटो मात्र याच झाडापुढे काढतात. मास्तरांना माझ्यामागेही फोटो काढण्याची मुभा आहे. बाकी काही नाही.

४. आता वरच्या मजल्यावरची माझी धाकटी जाऊ. मनातल्या मनात मी तिला झारीवाली म्हणते. नऊ वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी दोन महिने मुलीकडे होते. नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. जावेने त्यांच्या हातच्या घायपाताला रोज सकाळी झारीभर पाणी घातले. पाने मलूल दिसली की संध्याकाळी आणखी एक झारी. मी परतले, तेव्हा मधला गाभा हाताला लागताच उपटून आला आणि त्याला वास येत होता. मी म्हणाले, "तुझ्या हातात काटासुद्धा जगायचा नाही." ती जिना चढून गेली. त्यानंतर आमचे बोलणे नव्हते.

काही महिन्यांनी फाटकापाशी कोणीतरी रंगाच्या डब्यात तळहाताएवढे पिल्लू ठेवून गेले. नवऱ्याच्या कारखान्यातले कोणी असेल असे समजून मी ते जुन्याच्या जागी लावले. तेच हे आजचे झाड.

गेल्या महिन्यात वकिलांनी मृत्युपत्रासाठी गच्चीचे माप मागितले. ऑपरेशननंतर प्रथमच मी गच्चीवर गेले. तिथे रंगाचे त्रेचाळीस डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकात घायपात. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर पाणी घातल्याच्या तारखा, दोन तारखांत महिन्याचे अंतर. जाऊ तिथेच डबे फिरवत होती.

"हे सगळं कुठलं?"

"त्याचीच पिल्लं, ताई. कुजलेलं कापलं, राख लावली, आठवडाभर सुकू दिली, मग लावली."

"फाटकातलं तूच ठेवलंस? मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, माझ्या हातात जगत नाही म्हणून. म्हटलं, आधी जगू देत."

नऊ वर्षे मी तिच्या हातचे झाड लोकांना दाखवून मिरवत होते. चूक तिची होती दोन महिन्यांची, माझी नऊ वर्षांची.

सबब पुढचे अंगण, त्यातली सर्व झाडे आणि ती सांभाळण्याचा पूर्ण हक्क मी धाकट्या जावेला देते. मुलांनी तिला शिकवायला जाऊ नये.

५. नवऱ्याचे वेल्डिंगचे चामडी हातमोजे आणि काट्यांमधला पाचोळा काढायचा माझा लांब चिमटा (हॉस्पिटलने मोडीत काढलेला, चोरलेला नव्हे) हेही तिलाच.

६. घायपाताला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो. मधून खांबासारखा दांडा घराच्या वर जातो आणि त्यानंतर झाड वाळते. तो दिवस मी पाहीनच असे नाही. म्हणून आजच नोंदवते, की तेव्हा झाड गेले तर तो पाण्याचा दोष नव्हे आणि तिचाही नव्हे. कोणी तसे म्हणाल्यास हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. मास्तरांना आधी.

जिला मिळायचे तिने साक्ष घालू नये, असे वकील म्हणाले, म्हणून जावेची सही खाली नाही. ती अंगणात उभी आहे. मी खिडकीतून आत्ताच विचारले, "घालायचं का गं पाणी?"

ती म्हणाली, "अजून नऊ दिवस आहेत, ताई."

वाचून पाहिले, बरोबर आहे, सही करते.

सही: वेल्डरची बायको, तळमजला
साक्षीदार १: कोपऱ्यावरचे औषधवाले
साक्षीदार २: समोरच्या शिवणकामवाल्या बाई
स्थळ: पुढची खोली, खिडकीजवळ
दिनांक: १४ मार्च, सकाळ