गासच्या फायरवॉलवरची नोंद

प्रिय जेन्सन,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझा दोह्याचा पत्ता लविनाने दिला, पण आधी मला चांगलं फैलावर घेतलं. तुझी बहीणच ती, घेणारच. आई अजून विचारते, तो गास गावातला मुलगा हल्ली येत का नाही. परदेशी गेलाय, मी म्हणते, आणि भाजी निवडायला बसते.

आपलं विरारचं ऑफिस आणि गासचं गोदाम इंटरनेटवरून जोडणारा व्हीपीएनचा बोगदा, ती खासगी वाट, तूच बांधलास. दोन्हीकडचे फायरवॉल, नेटवर्कच्या दारावरची ती राखणदार मशीनं, एकमेकांना रस्ते आपणहून सांगायचे, हे तू मला लहान पोरीला शिकवावं तसं शिकवलंस. लांबच्या मशीनला हात लावण्याआधी दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट लावून ठेवायचं, म्हणजे चुकलो तरी जुनी मांडणी परत येते, हा तुझा नियम. त्या सकाळी मी आळस केला. ज्या बोगद्यातून गासच्या फायरवॉलवर शिरले होते, त्याचाच रस्ता काढून टाकला. बसल्या फांदीवर कुऱ्हाड. गोदाम तुटलं, माल भरलेले ट्रक दारात उभे राहिले.

मशीनच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे. तू बाइकने गेलास, मशीन बंद करून चालू केलंस. माझा बदल सेव्ह नव्हता, तो गेला. त्याच्यासोबत माझ्या लॉगिनची नोंदही पुसली गेली. मग तपासायला तू लॉगिन केलंस, म्हणून नोंदीत उरलं फक्त तुझं नाव.

साहेबांच्या केबिनबाहेर तू एवढंच म्हणालास, “राहू दे संपदा, तुझी नोकरी अजून कच्ची आहे.” तरी आत गेल्यावर तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी बोलेन असं तुला वाटलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. मी खाली फरशी बघत राहिले. नोकरी तुझी गेली आणि मी पक्की झाले. भित्री होते रे मी, दुसरं काही नाही.

तू दोह्यात ज्या कंपनीत अर्ज केलायस, तिथून काल चौकशीचा फोन आला. जेन्सनना का काढलं, विचारलं. चूक माझी होती, सगळं सांगितलं. मग साहेबांनाही सांगितलं, आणि राजीनामा दिला. तुला ती जागा मिळेल असं वाटतं. तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. फोनवरच्या त्या बाईंनी शेवटी विचारलं होतं, तुमचं त्यांच्याशी नातं काय. बाकी सगळं खरं सांगितलं होतं. तिथे मात्र म्हणाले, एका ऑफिसात होतो.

तुझीच,
संपदा