चादरीवर बसून घेतलेलं माप

तीर्थरूप मामांस, तुमच्या एकुलत्या एका जावयाचे शरणु. (पाठ धरली असल्याने वाकता येत नाही, वाकलो असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? आत्याबाईंचा खोकला? महानंदा माझा फोन कापते, तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. ती तिकडे मंगळवेढ्याला पोचल्यावर माझ्या नावाने जे बोलली असेल त्यातलं निम्मं तिखटमीठ आहे. मी इथे मजेत आहे. दोन्ही वेळा कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातो. घर शांत आहे, इतकं शांत की फ्रीजचा आवाज ऐकत बसतो. ती परत कधी येणार तेवढं कळवा. मी विचारलं असं मात्र तिला सांगू नका.

मूळ दोष तुमच्या लांब हातांचा आहे. राग मानू नका, पण नवी गाडी घेतल्यावर तुम्ही जुनी मोटारसायकल मला दिलीत, हात काही दिले नाहीत. तुमच्या मापाच्या हँडलला पोचायला मला टाकीवर पालथं पडावं लागे. दुकानात पोचेपर्यंत कंबर जाई, आणि गिऱ्हाईक अगरबत्ती मागायचं सोडून मला डॉक्टरांची नावं सुचवी. शेवटी इलाहीबक्ष मिस्त्रीकडे गेलो. "हँडल तुमच्याकडं यायला पायजे, तुमी हँडलकडं जायचं न्हाय," तो म्हणाला. (मला वाक्य फार आवडलं. घरीही म्हणून पाहिलं, घरी आवडलं नाही.) त्याने बोल्ट सैल करून हँडल माझ्याकडे फिरवलं, खाली ठोकळे घालून उंच केलं. पाठ ताठ, कोपर सैल, मी खूश. रेसची केबल आता आखूड पडतेय, लांब केबल उद्या आणतो, असं तो म्हणत होता. पण मला कुठला धीर!

आता आपल्या उन्हात सीट तापते म्हणून मी तिच्यावर चादरीची चौघडी घालून बसतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हँडलचं माप त्या चादरीवर बसूनच घेतलं. मला सुचलं नाही, मिस्त्रीलाही नाही. (सोलापुरात चादर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.) दुसऱ्या दिवशी महानंदाने नेमकी ती धुवायला काढली, आणि आम्ही तुमच्या पुतणीच्या, गुरम्माच्या वास्तुशांतीला निघालो. मागे महानंदा, तिच्या मांडीवर हुग्गीचा डबा. मी सीटवर चार बोटं खाली गेलेलो, हात पोलिसाने पकडल्यासारखे वर. गुरम्माच्या दारात वळायला हँडल पुरतं फिरवलं, तशी आखूड केबल ताणली आणि गाडी आपोआप रेस झाली. ब्रेकची दांडी बोटांना सापडेना. गाडी मांडवात शिरली, हुग्गीची सगळी खीर माझ्या मानेतून पाठीत. कुणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार.

सगळे विचारू लागले, असं झालं कसं? मी शास्त्रीय उत्तर दिलं, की मागे वजन जास्त झालं की पुढचं हँडल वर येतं. मांडवातल्या सगळ्या बायका हसल्या, महानंदा सोडून. "माझं वजन आता माझ्या बापालाच उचलू द्या की," म्हणाली आणि चालती झाली.

गाडी मी मिस्त्रीकडे ढकलत नेली. महानंदा एसटीने गेली असेल असं मला वाटत होतं. आज गाडी आणायला गेलो तर इलाहीबक्ष म्हणतो, "वैनी घेऊन गेल्या की! लांब केबल घातली. हँडल लई बरोबर बसलं त्यांना, बोल्टला हातबी लावला न्हाय." म्हणजे मामा, चादरीशिवाय मला उंच पडलेलं हँडल तिला नेमकं बसलं; तिने लांब हात तुमचे घेतलेत, आणि एवढा खटाटोप करून मी ते माप तिच्यासाठी काढलं.

आत्याबाईंना नमस्कार.
तुमचा,
गुरुशांत

ता. क. : गाडी परत पाठवायची घाई नाही. घाई आहे ती महानंदाची.

आणखी एक : रविवारी मी एसटीने येतोय. परतताना हँडल तिच्याच हाती राहील, मी मागे बसेन. धुतलेली चादर आणतोय. वळण गुरम्माच्या दारावरून घ्यावं, आणि मागच्या वजनाबद्दल तिला जे बोलायचं ते तिने तिथेच, सगळ्यांसमोर बोलावं. एवढं मात्र तिला सांगा.