खिडकी, तीन बाय चार

२५ एप्रिल १९५४, रविवार. सकाळी ७.
निकाल लावून झाले. शाळेला सुट्टी. आज ठरवले, घर दुरुस्त करायचे. दुरुस्त हा शब्द कमी आहे. नवेच करायचे.
आतली खोली अंधारी आहे. दार एक, खिडकी नाही. धाकटा मुलगा पौषात त्याच खोलीत गेला. पाच महिन्यांचा होता. नऊ दिवस ताप. दवाखान्याचा कंपाउंडर नंतर म्हणाला, खोली कोंदट आहे. तेव्हा मुद्दा साधा आहे. खोलीत हवा नाही, ती आणायची.
पूर्वेची भिंत पाडून नवी घालायची, तिच्यात तीन बाय चारची खिडकी. छप्पर तीन फूट वर. वर मंगलोरी कवेलू. कुरखेड्यात असे दुसरे घर माझ्या पाहण्यात नाही. एकवीस दिवस लागतील. चार दिवस जादा धरले. उरलेल्या सुट्टीत इंग्रजी व्याकरण पक्के करीन.
रुखमाला (पत्नी) प्लॅन दाखवला. "बरं," म्हणाली. तिला पसंत आहे.
सगुणीने (वय चार) प्लॅनवर बकरी काढली. खोडरबराने पुसली. शिंगे राहिली.

२७ एप्रिल.
लटारू सुतार आला. प्लॅन उलटा धरून पाहिला. सुलटा करून दिला, तर म्हणाला, मास्तर, दोन्हीकून सारखाच दिसते. मग विचारले, मधातलं आडं कशावर टेकवता? आडे, म्हणजे छपराचा मधला आडवा वासा, प्लॅनमध्ये नाही, ते मी गृहीत धरले होते.
त्याचे म्हणणे, तेंदूपानं होऊ द्या, मंग सुरू करू. मी शिस्तीचे महत्त्व सांगितले. परवापासून येतो म्हणाला. समजूतदार माणूस.

३० एप्रिल.
सामान अंगणात काढले. बांबूचा मांडव घातला, बाजूला तीन दगडांची चूल. मुलांना मोकळी हवा फार चांगली. सगुणी धान्याच्या रिकाम्या कोठीत जाऊन बसली ती बाहेर येईना. जागा आवडलेली दिसते.
पाळणा रुखमाने स्वतः सोडवला. कुठे ठेवला, विचारले नाही.
जुने कवेलू उतरवून मांडवाजवळ ढीग लावला. रुखमा म्हणाली, हे इथून हलवा, लेकरू खेळते इथी. उद्या हलवतो म्हणालो. इथे लिहून ठेवले, म्हणजे विसरणार नाही.

३ मे, सोमवार.
पूर्वेची भिंत पाडली. दक्षिणेची आपण होऊन पडली. लटारू म्हणतो, दोघींचा सांधा एकच होता, तुमाले सांगतलं होतं. सांगितले नव्हते. सांगितले असेल तर मी तेव्हा लेव्हल पाहत होतो. एकंदरीत चांगले झाले. कच्ची भिंत कधीतरी पडलीच असती. प्लॅनमध्ये नसलेले कामसुद्धा वेळेच्या आत झाले.
रुखमा दोन भिंतींच्या घराकडे बराच वेळ पाहत उभी होती. विचारले, काय झाले? म्हणाली, काई नाई, उजेड आला.
उजेड येणारच. तेच तर सांगत होतो.

५ मे, अक्षय तृतीया.
बाबांच्या नावाने (माझे वडील) पाण्याची घागर ठेवली. रुखमाने शेजारी एक लहान गडवा भरून ठेवला. एवढ्या लहान मुलांचे करत नसतात.
दुपारी चिखल तुडवला. कवेलू हलवायचे राहिले. सणाचा दिवस.

९ मे.
लटारू आला नाही. विडीच्या तेंदूपानाचा हंगाम सुरू झाला. अख्खे गाव पहाटे जंगलात जाते, उन्हे चढल्यावर गठ्ठे घेऊन येते, मग संध्याकाळपर्यंत पानांच्या जुड्या बांधते. गावात म्हातारी माणसे आणि मी.
एकट्याने केलेले काम जास्त पक्के होते. रुखमा सकाळपासून घमेल्याने माती वाहते आहे. घमेले डोक्यावर कसे धरावे म्हणजे मान दुखत नाही, ते मी तिला सांगितले.
भिंत दीड फूट झाली. सरळ आहे. एका बाजूने पाहिले तर.

१३ मे, गुरुवार. दुपारी ४.
आज काम नाही.
सकाळी दोरी धरून चौकटीची जागा आखत होतो. सगुणी ओरडली. वाटले, पडली असेल, थांबेल. दोरी सोडली असती तर माप गेले असते. रुखमा माझ्या अंगावरून धावत गेली. कवेलूंच्या ढिगात विंचू होता. डाव्या हाताचे बोट.
थोड्या वेळाने घामाने भिजली. ओकली. हात थंड पडले. शेजारची सोमारीबाई पानांचा गठ्ठा घेऊन जंगलातून येतच होती. गठ्ठा तिथेच टाकून तिने सगुणीला उचलले आणि दवाखान्याकडे पळाली. रुखमा मागे. मी सदरा घालायला घरात गेलो. घरात सदरा नव्हता, घरात काहीच नव्हते, सदरा मांडवात होता. पोहोचलो तेव्हा सुई देऊन झाली होती.
कंपाउंडर म्हणाला, उद्या सकाळपर्यंत पाहू.
दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. दोरी अजून खिशात आहे.

१४ मे. रात्री ९.
सगुणीने भात मागितला. कंपाउंडर म्हणाला, आता भीती नाही.
तिला सोमारीच्या घरी नेले, कारण तिथे छप्पर आहे. रुखमाही तिथेच. ही तात्पुरती सोय. मलाही कामाला मोकळी जागा मिळाली.
कवेलू हलवले. सगळे. बाराच्या उन्हात संपले. आणखी सात विंचू निघाले. सोमारीचा नवरा बुधू मदतीला आला होता. कवेलू कुठी टाकता, विचारले. तूच ने म्हणालो, आपल्याला आता त्यांचा उपयोग नाही, मंगलोरी येणार आहेत.
रुखमा दिवसभरात माझ्याशी बोलली नाही. थकली असेल.

२० मे.
दोन्ही वेळचे जेवण सोमारीकडे. तिचे घर एका खोलीचे, साधारण दहा बाय आठ. खिडकी अजिबात नाही. मी म्हणालो, सोमारीबाई, माझे काम संपले की तुम्हालाही एक खिडकी काढून देतो. ती हसली. म्हणाली, "खिडकीतून का पायता मास्तर? आमी तं भायेरच बसतो." तिची पाच मुले त्याच खोलीत झाली, पाचही धडधाकट आहेत. हा अपवाद धरावा लागेल.
सगुणीने मला 'येर' मागितले. मला कळेना. रुखमाने तांब्या पुढे केला. गोंडीत पाण्याला म्हणतात. आठवड्यात नवी भाषा. माझ्यावर गेली आहे.
व्याकरण उद्यापासून.

२८ मे.
वडसा स्टेशनवरून दोन बैलगाड्या मंगलोरी कवेलू आले. वाटेत काही फुटले, बरेच नाहीत. गावातली मुले पाहायला जमली. मी त्यांना मंगलोर कुठे आहे ते जमिनीवर काढून दाखवले.
दुपारी लटारू आला. एक कवेलू हातात फिरवून पाहिला, मग वरच्या बांबूंकडे पाहिले. हे बसत नाई मास्तर, म्हणाला. याले चिरलेल्या सरळ पट्ट्या पायजेत, तुमचे बांबू गोल अन् वाकडे. मी विचारले, मग आधी का नाही सांगितले? म्हणाला, तुमी कुठी विचारलं?
सागवानी पट्ट्या चिरून मिळायला पंधरा दिवस. प्लॅनमध्ये थोडा बदल, एवढेच. भिंत साडेतीन फूट.

१ जून.
भिंतीवर काम करत असताना सोमारीच्या अंगणातून हसण्याचा आवाज आला. आधी ओळखले नाही. रुखमा होती. सगुणी बकरीच्या पाठीवर बसायला पाहत होती आणि बकरी दर वेळी खाली बसत होती. रुखमाने तोंडाला पदर लावला होता तरी ऐकू येत होते.
पौषानंतर पहिल्यांदाच.
काम मार्गी लागले आहे, हे तिलाही जाणवत असावे.
बुधूने माझ्या जुन्या कवेलूंनी आपले गळके छप्पर शाकारून घेतले आहे. चांगले बसलेत.

५ जून, शनिवार.
चौकट बसवली. तीन बाय चार, बरोबर. रुखमाला बोलावून आणले. खिडकीच्या आत उभी राहा म्हणालो. वर छप्पर नाही, दक्षिणेला भिंत नाही, पण खिडकीचा अंदाज येतो. ती उभी राहिली. मी बाहेरून विचारले, वारा लागतो का?
ती म्हणाली, "खिडकी नव्हती म्हून नाई गेला तो."
मी म्हणालो, कंपाउंडर म्हणाला होता.
ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी मी म्हटलं होतं, वडशाच्या डाक्टरकडे नेऊ. तुमी म्हणाले, साहेब येऊन जाऊ दे. पाचव्या दिवशी म्हटलं. सातव्या दिवशी म्हटलं."
मी म्हणालो, मी असे म्हणालो नाही.
"बरं," म्हणाली. चौकटीच्या बाजूने बाहेर आली आणि सोमारीकडे गेली. आवाज चढवला नाही. भांडण झाले असे म्हणता येणार नाही.
तारखांत तिचा घोटाळा होतो आहे. त्या दिवसांत तिला झोप नव्हती. माझ्याकडे तर लेखी पुरावा आहे, ही वही.

६ जून, रविवार.
जानेवारीची पाने काढली. अकरा तारखेपासून एकोणीसपर्यंत. एकही दिवस सुटलेला नाही.
नकाशे टांगले. भिंती चुन्याने पोतल्या. मुलांची नखे तपासली. हजेरीपटाची नवी जिल्द. कवायतीची तालीम, मागची रांग चुकते. सतरा तारखेला इन्स्पेक्शन. साहेबांचा शेरा, 'समाधानकारक'. त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.
बाळाबद्दल एकच ओळ आहे. १३ तारीख. 'बाळ किरकिर करतो. झोप झाली नाही.'
पुन्हा पाहिले. एकच आहे.
आज काम केले नाही.

७ जून.
आज काम केले नाही.

९ जून.
लटारू विचारून गेला, पट्ट्या आणू का. हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? भिंत चार फूट. एक बाजू बाहेर झुकली आहे असे तो म्हणतो. मला तितकेसे वाटत नाही. खरे तर वाटते.

१४ जून, सोमवार.
पट्ट्या आल्या नाहीत, पाऊस आला. सलग दोन दिवस. मातीची भिंत काल बसली, आज चौकटीसकट आडवी झाली. मी समोरच उभा होतो. फार आवाज झाला नाही.
मांडव गळतो. ट्रंक आणि अंथरूण शाळेत हलवले. शाळेच्या टेबलावर झोपतो. शाळा आठवड्याने उघडेल, तोवर अडचण नाही. शाळेत चार खिडक्या आहेत.
जेवायला गेलो नाही. पाऊस होता. सोमारीचे घर शंभर पावलांवर आहे.

१६ जून, बुधवार. सकाळी १०.
बुधू घोंगडी पांघरून शाळेत आला. म्हणाला, मास्तर, चला घरी. इथी एकटे काऊन पडून राह्यले? ट्रंक त्यानेच डोक्यावर घेतली.
त्याला रुखमाने पाठवले असणार. सगुणीने आठवण काढली असेल. चालता चालता मनात जुळवले, काय बोलायचे ते. दिवाळीत पुन्हा सुरू करू, पाया दगडाचा घेऊ, लटारूला आधी विचारू. नंतर तेही राहू दिले. एवढेच म्हणायचे ठरवले की तारखा तुझ्याच बरोबर होत्या.
आत चूल पेटलेली होती. कुठेही गळत नव्हते. रुखमा तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून बुधूकडे पाहिले, मग ट्रंकेकडे. तिने पाठवले नव्हते.
सगुणी जवळ आली. बोट आता बरे आहे. माझ्या ओल्या धोतराला हात लावून पाहिला आणि विचारले, "बाबा, तू आता कवा जाशीन?"
रुखमा तांदूळ निवडत राहिली.
सोमारी म्हणाली, "बसा मास्तर. जेवून घ्या."
बसलो. जेवलो.