चौकटीवरचे पाणी मोजून घेण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
पूर अंदाज विभाग,
नदी खोरे कार्यालय.

विषय : खालच्या गल्लीतील भोंगा न काढण्याबाबत.
संदर्भ : "सदर दिवशी पूर आढळून येत नाही" हे आपले उत्तर.

महोदय,

अर्जदार खालच्या गल्लीतील सुतार असून सविनय कळवतो की, खोऱ्यात किती पाऊस पडला म्हणजे नदीला किती पाणी येईल, हे सांगणारे मॉडेल आपल्या संगणकावर तयार झाले आहे. त्यानुसार आमच्या गल्लीला धोका नाही, सबब पुराची सूचना देणारा भोंगा उद्या उतरवून दुसरीकडे नेण्यात येणार आहे.

२. गेल्या पुरात पुलाखालचे पाणी मोजणारे यंत्रच वाहून गेले. त्या दिवसाचा रकाना कोरा राहिला, तो मॉडेलने आगेमागच्या दिवसांची सरासरी काढून भरला. अर्जदाराचे कुटुंब छतावर बसले होते तो दिवस अशा रीतीने कागदोपत्री कोरडा ठरला. आपले कनिष्ठ साहेब म्हणाले, "काका, एवढं पाणी आलं असतं तर आमच्याकडे आकडा नसता का?" आकडा पाण्यानेच नेला, हे त्यांना सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

३. त्या दिवशी भोंगा वाजला म्हणून शेजाऱ्यांनी अर्जदाराच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला खाटेसकट वर नेले. भोंगा नसता तर आई खालीच राहिली असती.

४. आपण पुरावा मागितला. भिंतींना रंग लागला, खूण फक्त दाराच्या चौकटीवर उरली. तिचा फोटो "उंची समजत नाही" या शेऱ्यासह परत आला. सबब अर्जदाराने चौकटच उंबऱ्यासकट काढून आणली आहे. घराला सध्या दार नाही. पत्नीने पडदा लावला असून ती अर्जदाराशी बोलत नाही.

तरी हात जोडून विनंती की, चौकट मोजून तो आकडा मॉडेलमध्ये घालावा, मॉडेल पुन्हा चालवावे, आणि तोवर भोंग्याला हात लावू नये. त्यानंतरही धोका नाही असे निघाले, तर अर्जदार स्वतः शिडी लावून भोंगा उतरवून देईल.

दाराविना बसलेला,
आपला नम्र,
खालच्या गल्लीतील सुतार
दिनांक : भोंगा काढण्याचा आदला दिवस

सोबत : चौकट, एक नग. जिन्यात अडकत असल्याने पहारेकऱ्याजवळ ठेवली आहे. मातकट रेघ पाण्याची. तिच्याखालच्या पेन्सिलीच्या रेघा अर्जदाराच्या मुलीच्या उंचीच्या आहेत, त्या पुसू नयेत. चौकट काढण्यापूर्वी काल मुलीला पुन्हा तिथे उभी करून पाहिले. पाण्याची रेघ अजून तिच्या डोक्याच्या वर आहे.