पाण्यात कुठला घाट?

१४ जानेवारी १९५९, संक्रांत

आज चन्नबसप्पा आला. माझ्या बायकोचा, इरम्माचा धाकटा भाऊ. आल्या आल्या बहिणीच्या पाया पडला, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "दाजी, गोड बोला." बोललो. तोंड गोड झालं, पोट न्हाय!

गावचे बागायतदार आण्णासाहेब, त्यांनी फळ्यांची हलकी नाव बांधून घेतलीय. तिच्या पोटात मिलिटरीच्या जुन्या जीपचं इंजिन. एक तारखेला गावच्या किल्ल्याजवळ बोरी नदीच्या साठलेल्या पाण्यावर सोलापूरच्या एका गिरणीवाल्याच्या नावेशी शर्यत. इंजिन मी जोडलं. या हमरस्त्यावर ट्रक दुरुस्त करता करता माझे केस पिकले. आणि आज साहेब म्हणतात, "तुमचा मेव्हणा सोलापुरात कारखान्यात लेथवर असतो ना? त्यालाही विचारा." का? मी मेलो का?

१६ जानेवारी

गाडं कॅमशाफ्टवर अडलं. इंजिनातल्या या दांड्यावरचे उंचवटे व्हॉल्व उघडतात. उंचवटे बुटके, तर सावकाश चालतानाही ओढ चांगली. उंच, तर वरच्या वेगात इंजिन उधळतं, खाली मात्र खोकतं. माझं म्हणणं — जीपचा मूळचाच राहू द्या. तुळजापूरच्या घाटात भरलेला ट्रक चढवायचा तर खालून ओढ पाहिजे…

चन्नबसप्पा हळूच म्हणाला, "दाजी, पाण्यात कुठला आलाय घाट?"

सगळे खो खो हसले. आण्णासाहेबांना तर ठसका लागला. नाव हलकी, सुरुवातीला पाण्यातल्या पंख्याला ओझं न्हाय, वेग वाढेल तसं ते वाढतं, म्हणून वरची ताकद हवी — असं त्यानं समजावलं. खरं होतं. तेच तर झोंबलं! साहेब म्हणाले, "ठरलं. चन्नबसप्पाचा शाफ्ट."

१७ जानेवारी

घाट! जन्म घाटात गेला, दुसरं काय सुचणार?

२१ जानेवारी

सोलापुरातून शाफ्ट घडवून आणला त्यानं. उंचवट्यांवर वेल्डिंग चढवून घासलेला — आरसाच. खोट काढायला म्हणून बोट फिरवलं, तर बोटच घसरत गेलं. मेल्याच्या हातात सोनं आहे. हे मी कुणाला सांगणार न्हाय.

इरम्मानं शेजारच्या द्वारकाबाईला हाका मारून बोलावलं. "बघा की, आमच्या चन्नूनं केलाय!" जसं काही नातवंडच दाखवतेय. एवढा संसार झाला, माझ्या पान्याकडं कधी वळून बघितलं न्हाय. जेवताना दह्यावरची साय चन्नूच्या ताटात. माझ्या वाटीत ताक!

२५ जानेवारी

नाव पळवून पाहिली. काय आवाज! किल्ल्याच्या भिंतीतले पारवे उडाले. लोकांनी चन्नबसप्पाला खांद्यावर घेतलं. मी काठावर दोर धरून उभा — म्हैस धुवायला आणल्यागत.

२८ जानेवारी

सापडलं!

एकटाच होतो. इंजिन सावकाश ठेवलं आणि कानाला खटकलं. धुराच्या नळीतून फुर्र बाहेर टाकतं, अन् थोडं परत आत ओढतं. नळी तापू नये म्हणून तिच्यात नदीचं पाणी सोडलंय. म्हणजे ते पाणीही आत! प्लग काढून पाहिला — ओला. चन्नूच्या शाफ्टवर हवा आत घेणारा अन् धूर सोडणारा, दोन्ही व्हॉल्व जरा जास्तच वेळ एकदम उघडे राहतात, त्याचा हा परिणाम. शर्यत सुटायची वाट बघत थांबावं लागलं, तर इंजिन गुदमरून बंद पडणार. साऱ्या गावादेखत!

उपायही दिसला. पाणी जिथं नळीत सोडलंय ती जागा इंजिनापासून हातभर मागं न्यायची, बस्स. मग त्याचाच शाफ्ट वाऱ्यासारखा पळेल.

प्लग पुसला, परत लावला. घरी आलो. कुणाला बोललो न्हाय. भाकरी गोड लागली.

३० जानेवारी

इरम्मानं अणदूरच्या खंडोबाला नारळ बोललाय. चन्नू जिंकला की फोडणार.

तेवढ्यात चन्नबसप्पा आला. "दाजी, परवा नाव तुम्हीच चालवा."

"का रं? शाफ्ट तुझा, मान तुझा."

"शाफ्ट माझा असंल. पण इंजिन काय बोलतंय ते तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

पेटल्या चुलीत कुणी तांब्याभर पाणी ओतावं तसं झालं. सांगून टाकलं. पण अर्धंच! पाणी आत येतंय, एवढंच. पाण्याची जागा मागं न्यायचं ओठांपर्यंत आलं — आणि जीभ तिथंच बसली, अडेल बैलासारखी. शाफ्टच बदलावा लागंल म्हणालो.

"बरं झालं सांगितलंत, दाजी."

दोघांनी मिळून इंजिन खोललं, माझा तो जीपचा मूळचा बुटका शाफ्ट बसवला. आपला त्यानं तेलाच्या फडक्यात गुंडाळला, तान्ह्या पोराला दुपट्यात घ्यावं तसा. आण्णासाहेब परंड्याला गेलेत. त्यांना यातलं काही ठाऊक न्हाय.

इरम्मानं आज दोघांना सारखी साय वाढली. माझी मी तशीच ठेवून उठलो.

१ फेब्रुवारी

हरलो. सुटताना पुढं होतो, मग ती सोलापूरची नाव सरकन निघून गेली.

काठाला लागलो तर आण्णासाहेब लालबुंद. चन्नबसप्पाला म्हणाले, "हाच का रे तुझा शाफ्ट?"

मी तोंड उघडलं. पण तो आधी बोलला —

"व्हय साहेब. माझाच."