फ्रेमवाल्याचा कॅमेरा

६ जानेवारी, मंगळवार
वही, उशीर झाला, राग धरू नको. दिवाळीपासून एक ओळ नाही. डॉक्टरांनी रोज बी.पी. लिहायला सांगितलं होतं, तेही लिहिलं नाही. लिहिण्याजोगं नव्हतं.

आज करंजीचा एक माणूस दुकानात आला. आई वारली, दहावा शुक्रवारी. फोटो म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. चेहरा म्हणजे पाण्यात पडलेली भाकरी. काच कापली, पट्टी ठोकली, दिला. चाळीस वर्षं तिसगावात फ्रेमा करतोय. पूर्वी माणसं स्टुडिओत जाऊन बसायची. स्टँड कॅमेऱ्याचे ते फोटो! पापण्या मोजून घ्याव्यात. आता मोबाइलात हजार फोटो, आणि माणूस गेला की एक धड सापडत नाही. कारण कोणी बसतच नाही.

बेलापूरच्या आक्काचा विचार दिवसभर. माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. वय शहाऐंशी. दिवाळीत न्हाणीत पडली. आता काठी घेऊन चालते. तिचाही फोटो आधारचाच. चोर धरून आणल्यासारखा.

९ जानेवारी, शुक्रवार
नगरला काच आणायला गेलो. काचवाला म्हणाला, पाठकबाईंकडे स्टँड कॅमेरा विकायचा आहे, सासऱ्यांचा स्टुडिओ होता. गेलो. नुसता बघायला.

सागवानी, पितळेच्या खिट्या. देवघराशेजारी पाटावर. दर खंडेनवमीला पूजा, म्हणून भिंगाच्या कडेत कुंकू बसलेलं, काचेवर हळदीचं बोट. हात लावला आणि लगेच मागं घेतला. भिंग बाद असलं तर? मला यातलं काय कळतं? सहावी नापास. जन्मात एक फोटो काढलेला नाही. काढलेले भिंतीवर टांगले, एवढंच.

कोणी हॉटेलवालाही बघून गेलाय. शोभेला पाहिजे म्हणे.

११ जानेवारी
पुण्याच्या इनामदारांना फोन. असल्या कॅमेऱ्यांसाठी फिल्म कापून देतात, धुऊनही देतात. नंबर काचवाल्याचाच. त्यांनी सांगितलं ते पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. अंधारात भात्यामध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या घड्याघड्यांच्या पोटात, बॅटरी लावून बघा, भोकं दिसतील. भिंग उजेडाकडे धरा. फिल्मचा होल्डर मागा, त्याच्या पत्र्या सरकतात का बघा. मागची दुधी काच बघा.

मग म्हणाले, "काका, पहिलाच ना? मग लहान घ्या की." लहान घेऊन काय करू? याची फिल्म तळहाताएवढी असते, म्हणून तर पापण्या येतात.

तोवर हॉटेलवाला घेऊन गेला तर. जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार
घेतला.

भात्याला तीन भोकं. दुधी काच तडकलेली. होल्डर एकच. भिंग धुरकट, पण आरपार दिसतं. घासाघीस जमली नाही. कवळीसाठी बाजूला काढलेले पैसे होते ते सगळे टेबलावर ठेवले. पाठकबाईंनी ते मोजले. मग म्हणाल्या, "तो हॉटेलवाला जास्त देतोय, काका. पण विचारत होता, आतलं काढून बल्ब बसवता येईल का."
"मग?"
"मग काय! मामंजी वरून शिव्या घालतील मला. न्या तुम्ही."
निघताना कॅमेऱ्यावर अक्षता टाकल्या, डोळे पुसले. मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

एस.टी.त पेटी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाबा, नाग हाय का आत? टोपली बदलली व्हय?" सगळी गाडी हसली. तिसगावपर्यंत एकेक खड्डा माझ्या छातीतून गेला.

घरी ही दारातच. आधी पेटी बघितली, मग माझं तोंड. "दात न्हाईत तोंडात आन् फोटू काढाय निघाले."

१८ जानेवारी
भोकं बुजवली. काळं बाइंडिंगचं कापड आणि सरस. काच तर माझाच धंदा. नवी कापली, कुरुंदाची पूड आणि पाणी घेऊन तीन दुपारी घासली तेव्हा दुधी झाली.  बसवली, डोक्यावर घोंगडं घेतलं आणि बघितलं. अंगणात ही भांडी घासत होती, काचेवर उलटी, खाली डोकं वर पाय, लुगड्याच्या रंगासकट.
"उलटी दिसतीस," म्हणालो.
"मंग पदर धरू का?"

खटका नाही याला. भिंगावरचं टोपण काढायचं, मोजायचं, परत लावायचं. सोपं वाटतं, म्हणूनच भीती.

२२ जानेवारी
कुरियरनं दहा फिल्म आल्या. होल्डरला दोन बाजू, एकेका बाजूला एक फिल्म, वर काळी पत्री. उजेड अजिबात चालत नाही. भर दुपारी कोठीत दार लावून, दोन गोधड्यांखाली हात घालून भरल्या. घामानं निथळलो. फिल्मच्या कोपऱ्यावर खाच असते, ती बोटाला लागली पाहिजे म्हणजे बाजू बरोबर. लागली. बहुतेक लागली.

२४ जानेवारी
आधी कोणावर तरी हात बसवावा म्हणून शेजारच्या सोपानरावांना म्हणालो, पाच मिनिटं बसता का, फोटो काढतो. ते ओट्यावरून उठूनच उभे राहिले. "न्हाई न्हाई दगडूशेठ, मला आजून लई टाइम हाय. तुमी दुसरं गिऱ्हाईक बघा."

गिरणीत गेलो तर तिथंही तेच. एक म्हातारी पदराआड तोंड लपवून बसली. मी माणसाकडे बघितलं की माप घेतोय असं वाटतं लोकांना. चाळीस वर्षं मी फक्त गेलेल्यांना काचेमागं घातलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२६ जानेवारी
बेलापूरला फोन केला. भाचा रावसाहेब, आक्काचा मुलगा, त्यानं उचलला. फोटोचं बोललो.  म्हणाला, "मामा, आई बरी हाय. तुमी माप घ्यायला येऊ नका." ठेवून दिला.

बी.पी. १७०.

लिहूनच टाकतो. दुकानाच्या माळ्यावर सागवानी पट्टी आहे, वीस बाय सोळाची. दिवाळीत आक्का पडली त्याच आठवड्यात कापली. चांगली पट्टी, कोणी मागितली तरी दिली नाही. कोणासाठी, ते मनातसुद्धा म्हटलं नाही. रावसाहेब खोटं नाही बोलला.

१ फेब्रुवारी, रविवार
आक्काचाच फोन. "दगड्या, माझी चौकट करायला निघाला म्हनं?"
फोन दुसऱ्या कानाला लावला.
"आरं, मुका झाला का? घिऊन ये तुझं डबडं. बघू तरी."

४ फेब्रुवारी, बुधवार
बेलापूर. रावसाहेब मला बघून शेताकडे निघून गेला. आक्का ओसरीत खुर्चीवर, नवं लुगडं, नाकात नथ. काठी मागं लपवलेली. घोंगड्याखाली गेलो. काचेवर तिचा चेहरा उलटा, पण एकेक सुरकुती. हनुवटीवरचं गोंदण. चूल फुंकताना दिसायचं ते. बराच वेळ बाहेर आलो नाही.
"मेला का आत?"
बाहेर आलो, होल्डर बसवला. तर म्हणते, "मी एकटी न्हाई बसायची. तू बी बस शेजारी."
"का गं?"
"तू जित्ता हाय तवर त्या फोटूला हार घालता यायचा न्हाई कुनाला. आन् मी हाय तवर तुला बी न्हाई. लाव आता तुझी चौकट."

रावसाहेबाची बायको सुनीता तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो की काय केलं, कळलं नाही. टोपण काढायचं कसं ते सुनीताला दाखवलं. पत्री काढली आणि बसलो. आक्कानं माझा हात घट्ट धरला. "तोंड मीट. बोळकं दिसतंय." सुनीतानं मोजलं, एक, दोन. झालं. होल्डर फिरवून दुसरा. झालं.

रावसाहेब कधी आला कळलं नाही. दारात उभा होता. "मामा, जेवूनच जावा."

पोटभर जेवलो. महिन्यात पहिल्यांदा.

५ फेब्रुवारी
होल्डर फडक्यात गुंडाळून तसाच कुरियर केला इनामदारांना. फिल्म बाहेर काढायची हिंमत नव्हती.

७ फेब्रुवारी
पहाटेपासून एकच. पत्री ओढली होती का? पत्री तशीच राहिली असेल तर फिल्म कोरी. आक्का पत्रीनं माशी हाकलत होती हे डोळ्यांसमोर आहे, म्हणजे एकदा तरी ओढली. पण पहिल्या वेळेस की दुसऱ्या? आणि होल्डर फिरवला असं बुधवारी लिहिलंय, पण खरंच फिरवला, की फिरवायचा होता म्हणून लिहिलं? नसेल फिरवला तर एकाच फिल्मवर दोन फोटो. दोन आक्का, दोन मी, सगळा काला.

हिला विचारलं. म्हणाली, "मी हुते का तिथं?"

१० फेब्रुवारी
सुनीताला फोन करून विचारलं, पत्री माझ्या हातात कितीदा बघितली? ती म्हणाली, "मामा, मी टोपनाकडं बघत हुते, तुमीच सांगितलं हुतं." बरोबर आहे.

इनामदार फोन उचलत नाहीत. आजारी असतील. कुरियर हरवलं असेल. घेतानाच एखादं भोक राहिलं असेल, मला न दिसलेलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
आज सुनीताचा फोन, आणि मागून आक्काचा आवाज. जरा बारीक वाटला. "दोगं बी आलो का, इचार त्याला." मी म्हणालो, धुवायला टाकलेत. सुनीता हळूच म्हणाली, दोन दिवस झाले, आत्या ओसरीत येऊन बसल्या नाहीत, गुडघे धरलेत.

गुडघेच असतील.

इनामदार अजून फोन उचलत नाहीत म्हणून आता पोस्टकार्ड टाकतोय. मजकूर आधी इथं लिहून बघतो.

इनामदारसाहेब, सा.न. काळं निघालं असेल तरी सांगा, कोरं निघालं असेल तरी सांगा, माझी चूक आहे, तुम्हाला बोल लावणार नाही. आठ फिल्म शिल्लक आहेत, होल्डर मात्र तुमच्याकडेच. पण बहिणीला पुन्हा बसवायचं तर मला लगेच निघायला हवं. म्हणून हात जोडून सांगतो, असेल ते लवकर कळवा.