बहार आणणे

मोर्शी, संक्रांतीची संध्याकाळ

संत्र्याचं पाणी अजून बंदच ठेवलंय. पानं कोमेजली आहेत. बायको, सुमन, बागेतून तणतणतच घरी आली.
“झाडं मारून राहिले का तुमी?”
“बहार आणून राहिलो.”
“तुमी आणता? मंग देव काय करते?”
 बहार आणला, असं आम्ही सगळेच म्हणतो. पण मी काय आणतो? पाणी तोडून झाडाला ताण देतो, म्हणजे मग पाणी मिळताच ते फुलावं, एवढंच. पाणी लवकर सोडलं तर फूल नाही, उशीर झाला तर बागच जाईल. ती कोमेजलेली पानं... पण ताण नीट बसतोय, खात्री आहे. थांबणं माझं, आणणं देवाचं.
सुमनला म्हटलं, परवा पाणी तूच सोड.
“मंग फुलं आली तं मीच आणली म्हणीन!”